ढोलक-खंजेरीसोबत बसेल असं ड्रम किटचं एक्स्पान्शन पॅक कोणतं घ्यावं?

झाडीतला_ढोलक

जय गुरु मंडळी. मी सिंदेवाही तालुक्यातला, घरीच रेकॉर्डिंग करतो. गावचं खंजेरी भजन मंडळ, बाजूच्या गावची भीमगीतं गाणारी दोन पोरं, आणि दिवाळीनंतर नाटकाचा सीझन लागला की वडसाकडच्या एखाद्या कंपनीच्या गायकाला गाण्याचा ट्रॅक करून दे, असं आपलं चालते. ढोलक, खंजेरी, टाळ हे सगळं खरंखुरं वाजवून घेतो, समोर माईक लावून. ड्रम सेट मात्र आमच्या पंचक्रोशीत कोणाकडं नाही आणि असता तरी त्याला आठ-दहा माईक कुठून आणू, माझ्या इंटरफेसला (माईक लॅपटॉपला जोडायचा डबा) इनपुटच दोन. म्हणून मागच्या नोव्हेंबरच्या सेलमध्ये इझीड्रमर ३ घेतलं, म्हणजे रेकॉर्ड केलेले खरे ड्रम लॅपटॉपवर वाजवणारं सॉफ्टवेअर, सोबत रेकॉर्डिंगसाठी रीपर आहे.

आता अडचण सांगतो. सोबत आलेलं किट एकटं ऐकलं तर असं वाटते की आपण बर्लिनच्या त्या हान्सा स्टुडिओतच बसलो आहोत. पण त्याखाली आमचा ढोलक टाकला की खाली सगळा गिचका होते, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि ढोलकाचा बाया (खर्जाची बाजू) एकमेकाले खातात, आणि वर खंजेरीच्या झांजा अन् हाय-हॅट (ड्रम किटच्या जोडझांजा) मिळून नुसतं छन् छन् छन्. आवाज कमी-जास्त करून पाह्यला, नाही जमलं. म्हणून वाटून राह्यलं की एखादं इझीएक्स पॅक, म्हणजे इझीड्रमरमधे टाकायचं जास्तीचं किट, घ्यावं जे अशा गाण्याला बसेल. दुकानात पाह्यलं तर पॅकच पॅक, आणि डेमोमधे सगळीकडं गिटार. मी चार निवडून ठेवले आहेत, नॅशव्हिल, व्हिंटेज रॉक, इंडी फोक आणि लॅटिन पर्कशन. लॅटिन यासाठी की त्यात हाताने वाजवायची वाद्यं आहेत, ढोलकाशी नातं लागेल असं वाटलं. कोणी म्हणते हे सोड अन् ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ हे दुसरं ड्रम सॉफ्टवेअर घे, कोणी म्हणते पैसे जमव आणि सरळ इझीड्रमरचा मोठा भाऊ सुपिरिअर ड्रमर ३ घे.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, एसएसडीवर ६० जीबी जागा उरली आहे, नेट मोबाईलचं, दिवसाला २ जीबी. एकच पॅक घेऊ शकतो या वर्षी, धानाचे पैसे आले की. म्हणून चूक नको व्हायला. ज्यांनी आपल्याकडच्या वाद्यांसोबत हे वापरलं आहे त्यांनी सांगा.

कापूसपट्टी_कीबोर्ड

नमस्कार भाऊ. मी दारव्ह्याकडचा. तुमची अडचण वाचली अन् चार वर्षांपूर्वीचा मीच आठवलो.

आधी हे समजून घ्या की पॅक म्हणजे एक गोष्ट नसते, त्यात तीन गोष्टी येतात. एक, खरं किट, म्हणजे कोणते ड्रम, कोणत्या खोलीत, कोणत्या माईकने घेतले. दुसरं, त्याच्यावर चढवलेलं मिक्सिंग, प्रीसेट म्हणतात ते. तिसरं, मिडी ग्रूव्ह, म्हणजे वाजवून ठेवलेले ठेके, त्यात आवाज नसते, कोणता ठोका कधी अन् किती जोरात एवढीच नोंद असते. डेमोमधे आपल्याला जे ऐकू येते ते बहुतेक दुसरं असते, मिक्सिंग. आपण भाळतो त्याच्यावर अन् पैसे देतो पहिल्याचे.

मी एक रॉकचं पॅक घेतलं होतं, नाव नाही सांगत, आपल्या कामाचं नव्हतं एवढंच. डेमो असा की छाती हलली पाह्यजे. घरी आणून तबल्यासोबत लावलं तर तबला गायबच. कंप्रेशन (आवाजाचा चढ-उतार दाबणं) काढलं, ईक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणं) काढलं, तरी ती मोठ्या हॉलची हवा जाईना. का, तर ती हवा सॅम्पलमधेच, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या ठोक्यातच होती, स्नेअर (किटमधला कडक आवाजाचा ड्रम) वाजवला तेव्हाच खोलीसकट रेकॉर्ड झाला होता. वरून टाकलेला रिव्हर्ब बंद करता येते, पण आतमधे भरलेली खोली कोणाच्या बापाले काढता येत नाही. तेव्हापासून माझा नियम, जवळच्या माईकचा आवाज कोरडा पाह्यजे आणि ओव्हरहेड (किटच्या वर टांगलेले माईक), रूम (खोलीतले दूरचे माईक) यांचे फेडर, म्हणजे आवाजाच्या दांड्या, वेगळ्या पाह्यजेत. रूमचा फेडर पूर्ण खाली ओढल्यावर किट कसं लागते ते ज्या व्हिडिओत ऐकू येईल तोच व्हिडिओ कामाचा. आणि त्यात एकच स्नेअर एकदा हळू, एकदा मध्यम, एकदा जोरात मारून दाखवला असेल तर सोन्याहून पिवळं, कारण किटचं खरं अंग हळू वाजवताना कळते. मिडीत जोर १ ते १२७ असा मोजतात, पण सॅम्पल काही एकशे सत्तावीस नसतात. कुठं चार पायऱ्या असतात, कुठं वीस. पायऱ्या कमी असल्या तर हळू वाजवलेला स्नेअर म्हणजे जोरातलाच आवाज व्हॉल्यूम कमी करून दिल्यासारखा लागते, आणि भजनाच्या सुरुवातीला, जिथं सगळं विलंबित चाललं असते, तिथं ते लगेच उघडं पडते. आणि एकाच जोराचे चार-पाच वेगवेगळे ठोके आळीपाळीने वाजले पाह्यजेत, राउंड रॉबिन म्हणतात त्याला, नाहीतर लागोपाठ स्नेअर वाजला की बंदुकीसारखं टर्रर्र होते.

लॅटिन पर्कशन मी तरी नाही घेणार. वाईट आहे म्हणून नाही. कोंगा-बोंगो ज्या जागेत वाजतात त्याच जागेत तुमचा ढोलक वाजते. घरात एक जावई बसलेला असताना त्याच खुर्चीवर दुसऱ्याला बसवल्यासारखं आहे ते. तुम्हाला ढोलकाला नातेवाईक नको, त्याच्या खाली अन् वर जे रिकामं आहे ते भरणारा पाह्यजे.

ऑक्टोपॅड_रातपाळी

मी अर्जुनी मोरगावकडचा, नाटकात ऑक्टोपॅड वाजवतो, १२ वर्षं झाली. माझं ऐकशील तं पॅक कोणतंबी घे गा, पण त्या तयार ग्रूव्हवर गाणं नको बसवू. ते ठेके ज्यानं वाजवले तो माणूस लय मोठा ड्रमर असंल, पण त्यानं आपला केरवा ऐकला नाही. आपल्या ढोलकवाल्याचा वजन कुठं पडते अन् त्या ग्रूव्हचा कुठं पडते हे मिळतच नाही. केरव्याच्या आठ मात्रा त्या चार-चारमधे मोजून बसतात, दादराबी सहा-आठमधे बसते, पण बसणं वेगळं अन् रंगणं वेगळं. तुझ्या गिचक्याचं अर्धं कारण तेच आहे, किक अन् बाया एका जागी पडायले पाह्यजे तिथं दोन जागी पडून राह्यले.

मी काय करतो ते सांगतो. माझ्याकडं जुना एसपीडी-२० ऑक्टोपॅड आहे, त्याला यूएसबी नाही, मागं गोल पाच पिनांचा मिडी आउट आहे. तिथून यूएसबी-मिडीची केबल लॅपटॉपले लावली, अन् ऑक्टोपॅडचा आवाज बंद. फक्त हात माझा, आवाज किटचा. पॅडचे नोट नंबर बदलून घ्यायचे, किक ३६, स्नेअर ३८, बंद हॅट ४२, उघडी हॅट ४६, अन् मोठ्या झांजा, क्रॅश ४९, राईड ५१. हे जनरल मिडीचे नंबर आहेत, जवळपास सगळीकडं चालतात. केबल सगळ्यात स्वस्तवाली घेऊ नको, माझी पहिली केबल जोरात रोल मारला की ठोके गिळत होती अन् मी महिनाभर स्वतःच्या हाताले दोष देत होतो.

बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी किती आवाज साठवून पुढं देते तो आकडा, १२८ वर ठेव. ४४.१ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगले उशीर ३ मिलिसेकंदाच्या आत येते, २५६ वर ६ च्या जवळ. ५१२ वर गेलं की साडेअकरा, म्हणजे चार मीटर दूर बसलेल्या ड्रमवाल्याचा आवाज ऐकून वाजवल्यासारखं. वरून इंटरफेसचा आपला वेळ वेगळाच. हाताले ते कळते, मग माणूस नकळत घाई करते. लॅपटॉप १२८ वर कटकट करत असंल तं बाकीचे ट्रॅक तेवढ्यापुरते फ्रीझ कर, म्हणजे तयार आवाज करून ठेव. अन् वाजवताना ढोलकवाल्याले बाजूले बसव. खरंच बसव. त्याच्या तोंडाकडं पाहून वाजवलेला एक टेक पन्नास ग्रूव्हवर भारी पडते, हे मी मनापासून सांगून राह्यलो.

वर्धेकाठची_मिक्सवाली

जय भीम सर्वांना. मी पुलगावजवळ राहते, भीमगीतांचं आणि थोडं लग्नातल्या गाण्यांचं मिक्सिंग करते, एप्रिलच्या आधी दीड महिना तर झोपायला वेळ नसतो, १४ एप्रिलच्या आत सगळ्यांना गाणं हवं असतं.

वरच्या दोघा दादांचं पटतंय पण एक गोष्ट कोणी बोललं नाही, सूर. ढोलक आपण गाण्याच्या पट्टीत लावून घेतो ना, काळी दोन असेल तर काळी दोनला? मग किटचे टॉम (किक-स्नेअर सोडून बाकीचे ड्रम) कोणत्या सुरात आहेत ते कधी पाहिलंय? किकलासुद्धा सूर असतो, लांब घुमणारी किक असेल तर जास्तच. ढोलकाचा बाया आणि किक अर्ध्या सुराने लढायला लागले की त्याला तुम्ही गिचका म्हणता, आणि तो ईक्यूने जात नाही. इझीड्रमर ३ मध्ये प्रत्येक ड्रमला पिच आहे, ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ मध्येही आहे. टॉम आणि किक हार्मोनियमच्या षड्जाशी नाहीतर पंचमाशी जुळवून पाहा. फक्त एक-दीड सुराच्या वर ओढू नका, सॅम्पल रबरासारखा लागायला लागतो. म्हणूनच पॅक निवडताना किक छोटी आणि लवकर विझणारी पाहायची, २०-२२ इंची, आत उशी टाकून दाबलेली. २४-२६ इंची उघडी किक ही ज्या गाण्यात ढोलक नाही त्यांच्यासाठी.

आकड्यात सांगायचं तर किकचं पोट साधारण ५० ते ७० हर्ट्झमध्ये ठेवते मी, आणि त्याच्या वरचं ८० ते १५० ढोलकाला मोकळं सोडते, किकचं तिथलं दोन-चार डीबी कापते. किकची टोच ३ हजारच्या आसपास थोडी वर, म्हणजे मोबाईलवर ऐकणाऱ्यालाही किक कळते. आपले ऐकणारे ९० टक्के मोबाईलवर नाहीतर मिरवणुकीच्या डीजेवर, मधलं काही नाही! मोबाईलवर ५० हर्ट्झ वाजतच नाही आणि डीजेवर तेवढंच वाजतं, म्हणून दोन्हीकडे ऐकल्याशिवाय फाईल देऊ नका.

हाय-हॅटचं मात्र कापाकापी करून काही होत नाही. खंजेरीच्या झांजा आणि हॅट दोघींचं घर एकच, ६ हजारच्या वरचं. तिथं वाजवण्यातच जागा ठेवावी लागते.

पॅकचं म्हणाल तर ॲडिक्टिव्ह ड्रम्समधलं व्हिंटेज ड्राय मी वापरते आणि मला ते भजन-भीमगीतांना फार आवडतं, कोरडं आहे, थापेसारखं लागतं, आणि डिस्कवर जागाही फार खात नाही. त्यांचं मॉडर्न जॅझ ब्रशेससुद्धा आहे, हळू गाण्यात ब्रशचा सरसर आवाज आणि टाळ काय सुंदर लागतात एकत्र! पण तुमच्याकडे इझीड्रमर आहेच तर फक्त एका किटसाठी सगळं बदलू नका, त्यातच एक घ्या. इझीएक्स पुढे सुपिरिअरमध्येही उघडतं, त्यामुळे वाया जात नाही. उलटं होत नाही, सुपिरिअरचे पॅक, म्हणजे एसडीएक्स, इझीड्रमरमध्ये उघडत नाहीत.

आणि कृपा करून पेनड्राइव्हवर फिरणारे क्रॅक (चोरीचे) पॅक घेऊ नका. एका मुलाचा लॅपटॉप तसल्या फाईलने गेला, त्यात गावातल्या एका म्हाताऱ्या गायकाची आठ गाणी होती, दुसरी प्रत नव्हती. ते बाबा आता नाहीत.

झाडीतला_ढोलक

ताई, शेवटचं वाचून हात थांबला. आज रात्रीच माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत काढतो.

काल रात्री लाईट होती तोवर प्रयोग केला. रूमचा फेडर पूर्ण खाली, ओव्हरहेड अर्धा, किक एक सूर खाली आणून षड्जाशी जुळवली. खरं सांगतो, जे गाणं मी फेकून देणार होतो ते उभं राह्यलं. पूर्ण नाही, पण ढोलक परत दिसायला लागला.

एक नवीन पेच मात्र निघाला. आमचं भजन एका लयीत राहतच नाही. सुरुवात ७२ ला, आणि शेवटी गजर येते तोवर ११० च्या वर जाते, आणि ते तसंच पाह्यजे, त्यातच तर मजा आहे. मेट्रोनोमवर वाजवायला सांगितलं तर मंडळातल्या बाबांनी खंजेरी खालीच ठेवली, म्हणाले हे भजन नाही, कवायत आहे. मग ड्रमचा ग्रूव्ह त्याच्यामागं कसा न्यायचा? आणि ऑक्टोपॅडवाले दादा, माझ्याकडं ऑक्टोपॅड नाही, साधा मिडी कीबोर्ड आहे ४९ चा, त्यावर बोटानं चालेल का?

ऑक्टोपॅड_रातपाळी

चालते ना, काहून नाही चालत. दोन बोटं किक-स्नेअरले, दुसऱ्या हाताची हॅटले. फक्त कीबोर्डची व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे बोटाच्या जोराले तो किती आकडा देते ते, पाहून घे, कितीक कीबोर्ड हलक्या बोटाले १०० देतात. तसा असंल तं सॉफ्ट-हार्ड बदलून पाह्य, ज्यात तुझ्या सहज बोटाले ६०-७० येते ती ठेव. अन् पहिल्या दिवशी किक अन् स्नेअर एवढंच वाजव, हॅट नंतर दुसऱ्या टेकमधे. बाबांले मेट्रोनोम नको सांगू, बाबा बरोबर आहेत.

कापूसपट्टी_कीबोर्ड

लयीचं रीपरमधे जमते. आधी ढोलक अन् गायन मोकळं रेकॉर्ड करून घ्या, जसं होते तसं. मग ढोलकाच्या समेवर कर्सर नेऊन शिफ्ट-डब्ल्यू दाबलं की तिथं टेम्पो मार्कर पडते. दर चार आवर्तनाला एक मार्कर पुरे, जिथं लय उडी मारते तिथं जास्त. म्हणजे ग्रिड (रीपरमधल्या मात्रांच्या रेघा) भजनाच्या मागं येते, भजनाला ग्रिडच्या मागं जावं लागत नाही. हे करताना आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकचा टाइमबेस टाइम वर ठेवा, नाहीतर मार्कर टाकला की ऑडिओच ओढला जाते अन् मग माणूस रडकुंडीला येते. माझी एक पूर्ण रविवारची रात्र त्यात गेली आहे.

क्वांटाइझ, म्हणजे ठोके आपोआप ग्रिडवर ओढणं, करायचंच असेल तर शंभर टक्के नका करू, स्ट्रेंग्थ ५०-६० वर ठेवा. चूक अर्धी होते, माणूस शिल्लक राहते.

संत्रापट्टी_साउंड

उशिरा आलो, मोर्शीकडून लिहून राह्यलो. गुरुकुंज आमच्यापासून जवळ, खंजेरी लहानपणापासून कानात बसलेली आहे, म्हणून या प्रश्नावर दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझं मत थोडं वेगळं आहे. पैसे खर्च करायच्या आधी फुकटात जे मिळते त्यावर दोन महिने हात बसवा. एमटी पॉवर ड्रम किट २ फुकट आहे, हलकं आहे, ४ जीबी रॅमवरसुद्धा पळते. स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५.५ ची फुकट आवृत्ती आहे, एक किट येते त्यात. लिनक्सवाले असाल तर ड्रमगिझमो, त्यात प्रत्येक माईक वेगळ्या चॅनलवर मिळते अन् एका माईकमधून दुसऱ्यात जाणारा आवाजही खरा आहे, शिकायला त्यासारखं दुसरं नाही. यातून तुम्हाला कळेल की आपल्याला नेमकं काय कमी पडून राह्यलं. ते न कळता घेतलेलं पॅक म्हणजे माती न पाहता घेतलेलं बियाणं.

दुसरं, तुम्ही किट शोधून राह्यले पण तुमच्याजवळ जे आहे ते जगात कोणत्या पॅकमधे सापडणार नाही. तुमच्या मंडळाची खंजेरी. मी आमच्याकडची सॅम्पल करून ठेवली आहे. थापेचे पाच जोर, प्रत्येक जोराचे चार ठोके, म्हणजे २०. मग कडेवरची टिचकी, नुसती झांज, बोटाचं घासणं, असे सगळे धरून शंभरेक फाईली झाल्या. एसएफझेड नावाची साधी मजकुराची फाईल असते, नोटपॅडमधे लिहिता येते, कोणत्या जोराला कोणती फाईल अन् कितव्या ठोक्याला कोणती एवढंच त्यात सांगायचं, मग सफोर्झांडो नावाचा फुकट प्लेयर ती वाजवते. मला लिहायला दोन रात्री लागल्या.

वेळ मात्र नीट पाहून करा. पावसाळ्यात चामडं सैल, सूर खाली पडते. मे महिन्यात ते इतकं ताणते की आवाज पत्र्यासारखा. दिवाळीच्या आसपास हवा चांगली असते पण तेव्हा शिवारात सोयाबीनचा हडंबा (मळणीयंत्र) दिवसभर चालू, माईकमधे तोच येते. मी डिसेंबरात पहाटे चार ते साडेपाच असं तीन दिवस केलं. पंखा नाही, फ्रिज बंद, भिंतीला गाद्या उभ्या, कापसाच्या गाठोड्यांनी तर खोली अशी कोरडी होते की विकतच्या फोमची गरजच नाही.

अन् सुपिरिअरच्या नादी सध्या लागू नका भाऊ. त्याची मूळ लायब्ररी २३० जीबीच्या घरात आहे, तुमच्या दिवसाच्या २ जीबीनं ११५ दिवस लागतील, अन् ठेवाल कुठं.

वर्धेकाठची_मिक्सवाली

दादा, खंजेरीची कल्पना मनापासून आवडली, मी पण आमच्याकडच्या डफाची करून ठेवणार. पण सुपिरिअरबद्दल एवढं सरसकट नको. सगळे २३० जीबी घ्यावेच लागत नाहीत, ते तुकड्यांनी बसवता येतं, आधी फक्त मुख्य भाग आणि जास्तीचे रूम माईक नंतर. बेल्जियममधल्या गॅलॅक्सी स्टुडिओत जॉर्ज मॅसेनबर्गसारख्या माणसाने ते रेकॉर्ड केलंय, आणि हळू वाजवलेल्या स्नेअरमध्ये जो बारकावा मिळतो तो मी दुसरीकडे ऐकला नाही. ज्याला पुढे हेच काम करायचंय त्याने कधीतरी घ्यावं. प्रश्न विचारणाऱ्या दादांच्या ८ जीबी रॅमवर आत्ता नको, एवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

फुकटच्या किटवर दोन महिने घालवावे हेही मला यांच्या बाबतीत पटत नाही. इझीड्रमर त्यांच्याकडे आहे, काय कमी पडतंय हे पहिल्याच पोस्टमध्ये त्यांनी इतकं नेमकं लिहिलंय!

त्यापेक्षा एक चाचणी सांगते, मी प्रत्येक पॅकची करते. कंपनीच्या पानावर ऐकायला डेमो असतात. ज्यात गाणं कमी आणि ड्रम उघडे आहेत असा तुकडा निवडायचा, त्याचा टेम्पो बोटाने टॅप करून काढायचा. मग स्वतःच्या ढोलकवाल्याला त्याच टेम्पोवर दोन मिनिटं वाजवायला लावायचं आणि दोन्ही एकत्र वाजवून ऐकायचे, एकदा हेडफोनवर आणि एकदा मोबाईलवर. फक्त स्वतःच्या कानासाठी, गाण्यात वापरायचं नाही अर्थातच. दहा सेकंदात कळतं कोण कोणाला खातंय.

संत्रापट्टी_साउंड

ताईची चाचणी माझ्या सल्ल्यापेक्षा चांगली आहे. तीच करा.

झाडीतला_ढोलक

तीन आठवड्यांनी लिहून राह्यलो, मधे धान कापणी होती.

ताईंची चाचणी केली, चारही पॅकवर. ढोलकवाला आमचा चुलत भाऊच, त्याला चहा पाजून पाजून चार टेम्पोवर वाजवून घेतलं. लॅटिन पर्कशन सगळ्यात आधी गेलं, कापूसपट्टीवाले दादा म्हणाले तसंच, एका खुर्चीवर दोन जावई. आवाज सुंदर, पण ढोलक कुठला अन् कोंगा कुठला हे मलाच कळेना. व्हिंटेज रॉक ढोलकावर चढून बसत होतं, नाटकाच्या एखाद्या जोरकस गाण्याला चालेल, भजनाला नाही. नॅशव्हिल स्वच्छ, नीटनेटकं, भीमगीतं गाणाऱ्या पोरांना तेच आवडलं. मी इंडी फोक घेतलं. माझ्या कानाला त्याचं अंग मऊ लागलं, आणि मुख्य म्हणजे ते वाजत असताना बाबांनी विचारलं की ढोलक कोणी वाजवला, ड्रमबद्दल काहीच बोलले नाहीत. मला तेच पाह्यजे होतं.

डाउनलोड इथं नसतं झालं. ब्रह्मपुरीला बहिणीकडं वायफाय आहे, लॅपटॉप घेऊन तिच्याकडं गेलो, जेवण होईपर्यंत उतरून बसलं. पैसे भरताना कार्डावर परदेशी व्यवहार बंद होता, तो बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागला, कोणी घेणार असेल तर आधी तेवढं पाहून ठेवा.

किक-स्नेअर मीच वाजवले कीबोर्डवर, भावाला समोर बसवून. लयीचे मार्कर दर चार आवर्तनाला. ७२ पासून ११४ पर्यंत भजन गेलं आणि ड्रम सोबत गेले, कुठं तुटले नाहीत. रात्री अंगणात स्पीकर लावून मंडळाला ऐकवलं, दोनदा लावायला लावलं त्यांनी.

एकच राह्यलं. गजरात खंजेरी दुगुनमधे (दुप्पट लयीत) जाते तिथं हॅट अजून नडते. हॅट काढली तर गजर खाली पडल्यासारखा वाटते, ठेवली तर छन् छन्. काय करू?

ऑक्टोपॅड_रातपाळी

वा गा वा, बाबांनी ड्रमबद्दल विचारलं नाही हे वाचून लय बरं वाटलं.

गजरात हॅट काढ अन् तेच काम फ्लोर टॉमले (सगळ्यात मोठा, खालच्या आवाजाचा टॉम) दे. दुगुनमधे खंजेरी वरची आठही घरं भरून राह्यली, तिथं तुले वर काही टाकायचंच नाही, खाली टाकायचं. फ्लोर टॉम चार मात्रेवर हलका, जोर ५० च्या आसपास, अन् दर दोन आवर्तनाले ७०-८० पर्यंत चढवत ने. टॉमचा सूर ताईनं सांगितला तसा पंचमात लाव. समेवर एक क्रॅश, तोबी पहिल्या गजराले एकच, सगळ्या समेवर नाही. आम्ही नाटकात पहाटेच्या शेवटच्या गाण्यात असंच करतो, पब्लिक झोपेतून उठून बसते.

वर्धेकाठची_मिक्सवाली

हेच लिहायला आले होते! टॉमला ओव्हरहेडमधून थोडा जास्त येऊ द्या, जवळचा माईक कमी, म्हणजे तो ढोलकाच्या मागे उभा राहील, पुढे येणार नाही. आणि दादा, त्या दुसऱ्या प्रतीचं झालं का? ती दुसऱ्या डिस्कवर आणि दुसऱ्या घरात ठेवा, त्याच टेबलाच्या खणात नको.

झाडीतला_ढोलक

झालं ताई. एक डिस्क बहिणीकडं ब्रह्मपुरीलाच ठेवून आलो. फ्लोर टॉमचं आज रात्री करतो, लाईट राह्यली तर.